झूमवर ऐकू न येणारा शब्द

आमची विभागीय परिषद बंद करावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला आहे. वायर, केबल, स्विच, एमसीबी, मोटार, स्टार्टर विकणारे आम्ही कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरीकडचे वितरक वर्षातून दोन दिवस एकत्र जमतो. यापुढे त्याऐवजी दर सहा महिन्यांनी एक ऑनलाइन बैठक घ्यावी आणि हॉल, मुक्काम, जेवण यांवरचा खर्च वाचवावा, असं ठरावात म्हटलंय. ठराव आणणारी मंडळी परकी नाहीत. बहुतेक तिशी-पस्तिशीतली आहेत, वडिलांचं दुकान त्यांनी हिमतीनं वाढवलंय आणि आपली कारणं व्यवस्थित लिहून दिली आहेत. तेव्हा उत्तरही लिहूनच द्यायला हवं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बाजाराचा अंदाज आता फोनवर मिळतो, त्यासाठी दोन दिवस दुकान सोडायची गरज नाही. परिषदेत कंपन्यांची जाहिरात आणि जेवणावळ यांपलीकडे काही घडत नाही. आणि वितरक ही कडीच आता गळत चालली आहे. कंपनी थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचते, तर या कडीच्या गाठीभेटींवर पैसा का घालवायचा?

जाहिरातीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बराचसा खरा आहे. गेल्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका माझ्यासमोर आहे. दोन दिवसांत अकरा भाषणं, त्यांतली आठ कंपन्यांची. आम्हा व्यापाऱ्यांना शेवटच्या दुपारी जेवणानंतर पाऊण तास दिला होता. सत्कार लांबले आणि त्याची वीस मिनिटं झाली. मंडपाचा खर्च ज्यानं उचलला त्याचा फलक सर्वांत मोठा आणि त्याच्याच माणसाचं भाषण सर्वांत लांब. हे असं झालं आणि ते होऊ देणाऱ्यांत मीही होतो, तीन वर्षं कार्यकारिणीवर होतो. तरुणांना याचा राग येतो तो योग्यच आहे. पण घरात भाडेकरू शिरजोर झाला म्हणून कोणी घर पाडत नाही.

आता बाजाराच्या अंदाजाकडे येतो, कारण ठरावाची सगळी भिस्त त्यावर आहे. अंदाज फोनवर मिळतो म्हणतात. कुणाचा अंदाज? फोनवर येतो तो कंपनीचा अंदाज, आणि परिषदेच्या पडद्यावर दिसतो तोही कंपनीचाच. त्या आलेखात विक्री म्हणून जो आकडा असतो, तो कंपनीनं वितरकाला केलेल्या बिलांचा असतो. म्हणजे आमच्या गोडाऊनमध्ये शिरलेला माल. तो पुढे घरात, कारखान्यात, विहिरीवर लागला की रॅकवरच पडून आहे, हे त्या आलेखाला ठाऊक नसतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेट भरायला आम्ही जो माल उचलतो, टर्नओव्हर डिस्काउंट हातचा जाऊ नये म्हणून, तोही त्यात वाढ म्हणून चढतो. एप्रिल-मेमध्ये तोच माल कमी भावात एकमेकांच्या गावात ढकलतो आणि मार्जिन खातो. त्या वाढीला व्यापार वाढला असं म्हणणं मला मान्य नाही.

दुसरी गंमत मोठ्या आकड्यांची. वीज वितरण सुधारणेसाठी केंद्रानं २०२१ साली आणलेल्या योजनेचा ३,०३,७५८ कोटींचा आकडा आम्हाला दरवर्षी दाखवला जातो. २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचे आहेत, हेही सांगतात. आकडे खरे आहेत. पण त्या मीटरची कामं मोठ्या निविदांमधून मोठ्या कंपन्यांना जातात. त्यातली किती वायर माझ्या काउंटरवरून जाते? जवळजवळ शून्य. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना बघा. १ कोटी घरांच्या छतावर सौर पॅनेल, ७५,०२१ कोटींची तरतूद, घरामागे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. छोटा ठेकेदार गावात चार-पाच छतं घेतो आणि त्याला सौर केबल, डीसी बाजूचा बॉक्स, अर्थिंगचा रॉड, लायटनिंग अरेस्टर आजच्या आज आणि सुट्टा लागतो. हा धंदा काउंटरचा आहे. कुठला आकडा माझा आणि कुठला माझा नाही, हे मला रत्नागिरीच्या दुकानदारानं सांगितलं, कारण त्याच्याकडे ही मागणी आमच्याआधी आली होती. कंपनीच्या भाषणात दोन्ही आकडे एकाच स्लाइडवर होते.

सीएफएलचा काळ आठवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. २०१४ च्या सुमारास आमच्यापुढच्या पडद्यावर सीएफएलचा आलेख वर चढत होता. सरकारी खरेदीत एलईडी बल्बची किंमत जानेवारी २०१४ मध्ये ३१० रुपये होती, २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. उजाला योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब गावोगाव पोचले. सीएफएलचे खोके माळ्यावर राहिले आणि पुढे कुणी विचारलेसुद्धा नाहीत. तो आलेख चढत होता त्याच वर्षी परिषदेत जेवणाच्या रांगेत पुण्याच्या तपकीर गल्लीतून आलेले एक वयस्कर व्यापारी मला म्हणाले होते, "सीएफएलची नवी ऑर्डर मी घेत नाही. सोसायटीचे ठेकेदार एलईडीच मागतायत." मी ऐकलं आणि निम्मी ऑर्डर रद्द केली. पूर्ण केली असती तर आणखी बरं झालं असतं.

आमच्या भागाचा अंदाज कुठल्याही एका कचेरीत बसून येत नाही, कारण आमचा भाग एकाच तालावर चालत नाही. कराडकडचा माणूस मोटार-स्टार्टरचा धंदा बघतो आणि त्याचा हंगाम उसावर असतो. ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यावा, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात हप्ते पडतात आणि हप्ता लांबला की पंपाच्या केबलची उधारीही लांबते. इचलकरंजीवाल्याला यंत्रमाग किती पाळ्यांत चालतात त्यावरून काँटॅक्टर आणि छोट्या मोटारींची मागणी कळते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना निर्यातीच्या ऑर्डर आल्या की जाड केबलची विचारणा माझ्याकडे येते. तासगावच्या द्राक्षबागायतदारानं शीतगृह बांधायला काढलं की सांगलीवाल्याचे पॅनेल हलतात. ही चार माणसं एका टेबलाशी अर्धा तास बसली की येत्या सहा महिन्यांचा जो अंदाज निघतो, तो मला कुठल्या ॲपवर मिळालेला नाही. प्रत्येकाकडे एक तुकडा असतो आणि समोरच्याचा तुकडा ऐकल्यावरच त्याला आपल्या तुकड्याचा अर्थ लागतो. कराडवाला म्हणाला, यंदा स्टार्टर उधारीत मागतायत. तेव्हा इचलकरंजीवाल्याच्या लक्षात आलं की बाजारात रोख पैसाच कमी आहे, त्याच्या एकट्याच्या गिऱ्हाइकांची नियत बिघडलेली नाही.

तांब्याबद्दल मात्र मी तरुणांच्या बाजूनं आहे. तांब्याचा भाव फोनवर बघावा, परिषदेत विचारू नये. तुतिकोरिनचा तांब्याचा मोठा कारखाना २०१८ मध्ये बंद पडल्यावर आपला देश तांब्याचा निव्वळ निर्यातदार राहिला नाही, निव्वळ आयातदार झाला, आणि लंडनचा भाव नि डॉलर हे दोन्ही आमच्या काउंटरवर येऊन बसले. मे २०२४ मध्ये लंडनला टनाचा भाव ११,००० डॉलरच्या वर गेला तेव्हा कंपनीचे फोन दिवसाला दोनदा येत होते: "रेट वाढतोय, आजच भरा." हिशेब साधा आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर कॉइलमध्ये किलो-सव्वा किलो तांबं असतं, अडीचच्या कॉइलमध्ये दोन किलोच्या आसपास. किलोमागे शंभर रुपये वाढले की दीडची कॉइल शंभर-सव्वाशेनं आणि अडीचची दोनशेच्या घरात महागते. वाढेल म्हणून गोडाऊन भरणं हा सट्टा आहे आणि वितरकानं तो खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परिषदेत यावर भाषण ठेवायचंच कारण नाही.

पण ठराव आणणाऱ्यांनी ज्या गोष्टीचा एका ओळीतही उल्लेख केला नाही, ती म्हणजे उधारी. आणि आमचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. शेकड्याला पाच रुपये सुटतात असं धरा; कित्येक ब्रँडमध्ये तेवढेही सुटत नाहीत. एक लाख बुडाला तर तो भरून काढायला वीस लाखांचा माल विकावा लागतो. बुडालेल्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी आम्ही सरकारला भरलेला असतो, तोही परत मिळत नाही. कंपनी आमच्याकडून चॅनल फायनान्समधून ठरल्या दिवशी पैसे उचलते; बँक थांबत नाही. ठेकेदार मात्र थांबवतो. कायद्यानंही आम्हाला मधे अडकवलंय. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरात ४३ बी (एच) आणलं आणि २०२३-२४ च्या हिशेबापासून ते लागू झालं: छोट्या उत्पादकाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करा, नाहीतर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. छोट्या उत्पादकाला वेळेवर पैसे मिळायलाच हवेत, माझी त्याला हरकत नाही. पण व्यापाऱ्याला जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणी दिली ती फक्त बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. म्हणजे पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला मी ४५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि तेच पॅनेल उधार नेणाऱ्या ठेकेदारानं मला कधी द्यायचे, याबद्दल तो कायदा गप्प. मार्च २०२४ मध्ये छोट्या कारखान्यांच्या ऑर्डरी रद्द होत होत्या, माल परत जात होता. आमच्या परिषदेत त्यावर एकही भाषण झालं नाही. जे कळलं ते सोलापूरच्या एका व्यापाऱ्याबरोबर आलेल्या त्याच्या सीएकडून, हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून.

आता ऑनलाइन बैठकीबद्दल. ती आम्ही करून पाहिली आहे. कोविडमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं परिषद झूमवर झाली. नव्वद चौकोन पडद्यावर, सगळ्यांचे माइक बंद, कंपनीचे अधिकारी हजर, बैठकीचं रेकॉर्डिंग चालू. त्याच काळात माझ्याकडे एक नवी पार्टी आली. सोसायट्यांची वायरिंगची कामं घेतो म्हणाला. पहिली दोन बिलं रोखीनं दिली. तिसरं बिल आठ दिवसांच्या उधारीवर, आणि पैसे सहाव्या दिवशी हजर. चौथं बिल मोठं होतं: अडीच आणि चारच्या कॉइल, एमसीबी, डीबी, सगळं मिळून १ लाख ८४ हजारांचं. त्यानं चेक दिला. चेक परत आला आणि फोन बंद झाला. कलम १३८ खाली केस टाकता येते, टाकलीही, पण माणूस सापडायला हवा. तो खड्डा भरायला मला जवळजवळ ३७ लाखांचा माल विकावा लागला असता. घरी मी दोन महिने हा आकडा सांगितला नव्हता.

२०२२ मध्ये परिषद पुन्हा हॉलमध्ये भरली. पहिल्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलाशी सांगलीचे एक जुने स्नेही भेटले. मी सहज म्हणालो, गेल्या वर्षी एकानं चांगलंच बसवलं. त्यांनी विचारलं, "वायरिंगची कामं घेतो म्हणणारा का? तिसरं बिल वेळेच्या आत देणारा?" मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. साताऱ्याचा एकजण मागे उभा होता, तोही वळला. दहा मिनिटांत आम्ही पाचजण झालो. पाचही गावांत तोच माणूस, तीच पद्धत, तिसरं बिल वेळेआधी, चौथं मोठं. त्यात माझं दुकान तिसरं होतं. माझ्याआधी सांगलीत आणि साताऱ्यात त्यानं माल उचलला होता, आणि त्या दोघांना मी त्याच महिन्यात पडद्यावर बघितलं होतं. माइक बंद असलेले दोन चौकोन.

कुणी म्हणेल, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकायचं होतं. आमच्या धंद्यातली भाषा ज्याला ठाऊक आहे तो असं म्हणणार नाही. कुणाबद्दल "बुडवतो" असं कुणी लिहीत नाही. उद्या तो बदनामीची नोटीस पाठवेल, किंवा परवा पैसे घेऊन दारात उभा राहील आणि आपण तोंडघशी पडू. समोरासमोर भेटल्यावर आम्ही विचारतो, "अमुक पार्टी कशी आहे?" आणि उत्तर येतं, "सांभाळून." एवढाच एक शब्द. तो किती थांबून म्हटला, म्हणताना नजर कुठे होती, त्यावरून मी त्याला पंधरा हजारांची उधारी द्यायची की दीड लाखांची हे ठरवतो. "चांगला आहे" लगेच आलं तर ते खरं असतं, उशिरा आलं तर नसतं. पाठीवर थाप मारून "रोखीत कर" म्हणणारा माणूस माझे लाख रुपये वाचवतो. हे रेकॉर्ड होणाऱ्या बैठकीत, कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर, माइक चालू करून कुणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. नेटवर्किंग हा शब्द ठरावात थट्टेनं आलाय, पत्ते आणि कार्डं वाटणं अशा अर्थानं. माझ्या लेखी त्याचा अर्थ हा आहे.

एक आक्षेप ठरावात नाही, पण कार्यकारिणीतल्या एका वकील मित्रानं तो बोलून दाखवला, आणि तो गंभीर आहे. व्यापारी दार बंद करून बसले की भाव ठरवतात, असा संशय येतो, आणि भाव ठरवणं हा स्पर्धा कायद्याखाली गुन्ह्यासारखाच गंभीर प्रकार आहे. गोव्याच्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेवर स्पर्धा आयोगानं २०१२ मध्ये कारवाई केली, ती भाव-सवलतींपासून नवा विक्रेता नेमण्यापर्यंत सगळ्याला संघटनेचं कुंपण घातल्याबद्दल. आम्ही त्या वाटेला जाता कामा नये. डिस्काउंट किती द्यायचा, कुणाला माल द्यायचा नाही, हे परिषदेत ठरवायला निघालेल्या माणसाला मी स्वतः थांबवीन. ज्याचा त्यानं आपला अनुभव सांगावा आणि निर्णय ज्याचा त्यानं आपल्या दुकानात घ्यावा. रेषा इथे आहे आणि ती दिसण्याइतके आम्ही शहाणे आहोत.

राहिला वितरक संपत चालल्याचा मुद्दा. बल्ब गेला, हे मान्य. पंखाही बराचसा गेला. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर ऊर्जाबचतीचे बीईईचे तारे सक्तीचे झाल्यावर गिऱ्हाईक तारे बघून घरबसल्या निवडतं, त्यात वाईट काही नाही. कॉइलच्या खोक्यातलं कूपन स्कॅन करून कंपनी वायरमनला थेट पॉइंट देते, म्हणजे आमचा वायरमनही तिनं अर्धा नेला. पण दुपारी बाराला साइटवर स्लॅबचं काम चालू असताना ठेकेदाराचा फोन येतो: दोन डीबी, चोवीस एमसीबी, कंड्युटचे दोन बंडल, चारला हवेत, पैसे पंधरवड्यानं, उरलं तर परत घ्या. हे कोण करणार? कंपनी सुट्टा माल देत नाही, उधार देत नाही, उरलेला परत घेत नाही. ॲप माल देतं, पण त्याच्या हातातली एमसीबी त्या मोटारीला चुकीची आहे हे सांगत नाही. बी कर्व्हची एमसीबी मोटारीवर लावली की सुरू होतानाच ट्रिप होते आणि मग वायरमन वैतागून तिथे दुप्पट अँपिअरची ठोकतो. त्यातून जी वायर तापते ती कुणाच्या तरी घरात असते. आमच्या काउंटरवरचा पोरगा विचारतो, "लोड काय आहे?" हा प्रश्न विचारणारी दुकानं आमच्या भागातून गेली तर नुकसान फक्त दुकानदाराचं होणार नाही.

अमेरिकेतल्या वीजसाहित्य वितरकांची राष्ट्रीय संघटना १९०८ साली स्थापन झाली. ॲमेझॉन ज्या देशात जन्मली, त्या देशातले हे वितरक अजूनही विभागवार परिषदांना जमतात. त्यांच्याकडे पैसा आहे म्हणून जमतात असं म्हणाल, तर पैसा राखायचा असतो म्हणून जमतात असंही म्हणता येईल.

माझी मागणी एवढीच आहे की ठराव मागे घ्यावा आणि त्याऐवजी परिषदेचा कार्यक्रम बदलावा. पहिला अख्खा दिवस आमचा. त्या दिवशी हॉलमध्ये कंपनीचा फलक नको, स्टॉल नको, अधिकारी नको. मंडपाचा खर्च वर्गणीतून. जेवण साधं ठेवलं, पंचतारांकित हॉटेलऐवजी एखादं मंगल कार्यालय घेतलं की परवडतं, मी गेल्या वर्षीचे आकडे मांडून पाहिले आहेत. सकाळी प्रत्येक तालुक्यातून एकानं उठून सांगायचं: काय जातंय, काय पडून आहे, पैसे किती दिवसांनी येतायत. दुपारी एक सीए आणि एक विद्युत निरीक्षक कार्यालयातला माणूस. चार-पाच चांगले वायरमनही बोलवा. खोट्या कॉइलमध्ये तांबं किती कमी येतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? दुसरा दिवस कंपन्यांना द्या, हवं तर. त्यांनी यावं, माल दाखवावा आणि आमच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची आहे ती पाऊण तासाची करा.

मतदान पुढच्या रविवारी आहे. ठराव पडला तर परिषदेला मी माझी थकबाकीची वही घेऊन येणार आहे. पहिल्याच पानावर तो १ लाख ८४ हजारांचा आकडा आहे, आणि तो मी सगळ्यांसमोर वाचणार आहे, कारण आपण फसलो हे सांगायची लाज वाटल्यामुळेच सांगली, सातारा नि कोल्हापूर एकामागून एक फसले. त्या दिवशी चहाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाकीच्या चौघांनाही मी फोन केले, तुमच्या वह्या आणा म्हणून. तिघे हो म्हणाले. चौथा म्हणाला, आधी मुलाला विचारतो. ठरावावर त्याच्या मुलाची सही आहे.